नियम न जेवण्याचा

किसुमू, ७ जुलै १९४६

॥ श्री वीतरागाय नमः ॥

ती. स्व. आक्काआत्यांस, गुणमालेचा नमस्कार.

बोटीवर चढताना तुम्ही बजावलं होतं की पहिल्या पत्रात रडगाणं नको आणि दुसऱ्यात फुशारकी नको. हे तिसरं पत्र आहे, तेव्हा यात फजिती लिहायला हरकत नसावी.

आमच्या प्रसूतिगृहातून घरी गेलेल्या एका बाळंतिणीला पाहायला मला रविवारी दहा मैलांवरच्या गावी जायचं होतं. सर्व्हिस मोटर कधी सुटते म्हणून विचारलं, तर मोटरवाल्याने तीन बोटं दाखवली. तिसऱ्या तासाला. मी पावणेतीनला छत्री, पिशवी आणि नाडीचं घड्याळ घेऊन अड्ड्यावरच्या आंब्याखाली उभी राहिले. साडेतीन झाले, चार झाले. केळी विकणारी एक बाई माझ्याकडे बघून पोट धरून हसत होती. तेवढ्यात आमच्या संस्थेचा ड्रायव्हर केरबा गाडी घेऊन तिकडून चालला होता.

"आवं बाई, कुनाची वाट बघताय? मोटार सकाळच्यालाच गेली की!"

"मला तीन सांगितलं होतं."

"तीन म्हंजी नऊ. हितं दिस उगवला की घड्याळ सुरू हुतं. सात वाजलं की ह्येंचा एक वाजला."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी शिकल्याल्या. म्या म्हनलं, ठावं आसंल."

हा केरबा आपल्या वडूजचा. लढाईत फौजेच्या गाड्या चालवत या बाजूला आला होता, सुटल्यावर परत इकडेच नोकरी धरली. गावाकडं पाऊस येत नाही आणि इथला थांबत नाही, एवढीच त्याची तक्रार. त्याच्या आईचं, धोंडुबाईंचं, डिसेंबरपासून पत्र नाही. तोंडाने काही बोलत नाही, पण टपालाच्या दिवशी गाडी तीनतीनदा धुतो. तुमच्या ओळखीचं कुणी वडूजला असेल तर चौकशी कराल का?

आप्पांना सांगा, त्यांना दिलेला शब्द पाळते आहे. सूर्य मावळायच्या आत जेवते. इथे संध्याकाळ अशी नसतेच, सव्वासहाला ऊन आणि पावणेसातला काळोख. म्हणून सहालाच डबा उघडते. नोकरी नोव्हेंबरअखेर कायम होईल. डॉक्टरसाहेब कडक आहेत, पण अन्यायी नाहीत.

आपली,
गुणमाला


सांगली, ११ ऑगस्ट १९४६

चि. गुणमालास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ज्या गावात नोकरी करायची, तिथे वेळ कशी मोजतात हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं, आठव्या आठवड्यात नव्हे. तुझ्या आजोबांना हे सांगावं लागलं नसतं. ते उगवतीपासूनच घटका मोजत. आपण घड्याळ वापरतो, म्हणून सगळं जग वापरतं असं समजणं हा शिकलेल्या माणसांचा मूर्खपणा आहे. तो मीही केलेला आहे. कुठे ते सांगणार नाही.

तुझे वडील बाजारच्या दिवशी नांद्र्याहून येतात. परवा माझ्या शाळेच्या ओसरीवर येऊन बसले.

"पत्र आलंय?"

"आलंय."

"मी पेंड न्यायला आलोय. आलंच हाय तर वाच."

वाचलं. आंब्याखालची हकिगत ऐकून मिशीत हसले आणि मी पाहिलं म्हणून लगेच खोकले.

"ह्यो केरबा कोन?"

"ड्रायव्हर. वडूजचा."

"वडूजचा मानूस आफ्रिकेत कशाला गेला?"

"तुझी मुलगी गेली त्याच कारणाने, पायगोंडा. काम करायला."

यावर पागोटं डोक्यावर ठेवून उठले. जाताना मात्र आठवण दिली, तीच तुलाही देते. मार्गशीर्षापर्यंत नोकरी कायम झाली नाही, तर परतीचं तिकीट ते स्वतः पाठवणार आहेत. कडेगावच्या धन्यकुमारचं स्थळ त्यांनी हातचं ठेवलं आहे. मुलगा वाईट नाही. पण तू मिरजेला तीन वर्षं बाळंतपणं शिकलीस, ती कडेगावच्या दुकानामागच्या खोलीत पापड लाटण्यासाठी नव्हे. तुला पाठवण्यासाठी मी भावाशी भांडले. गावात अजून लोक म्हणतात, आक्काताई बी. ए. झाली ती झाली, आता पोरीलाही बिघडवलं. मला त्यांची पर्वा नाही. तू ठेचकाळलीस, तर मात्र पर्वा करावी लागेल.

धोंडुबाईंची चौकशी मी स्वतः करीन. ओळखीच्या माणसावर टाकलेलं काम ओळखीच्याच माणसाजवळ राहतं.

आक्काताई आवटी


किसुमू, १० सप्टेंबर १९४६

ती. स्व. आत्याबाईंस नमस्कार.

घाईत लिहिते. तब्येत उत्तम. गेल्या महिन्यात केरिचोच्या डोंगरावरच्या दवाखान्यातून औषधांची पेटी आणायला केरबाबरोबर गेले होते. तिकडे चहाचे मळे आहेत, आणि दुपार झाली की नेमाने पाऊस. परत येताना ओढ्याच्या फरशीवर पाणी चढलं. रात्र एका कच्छी दुकानदाराच्या घरी काढली. त्याच्या आईने मला गोधडी दिली आणि केरबाला मिठाच्या पोत्यांवर झोपवलं. सकाळी बघतो तर गाडीच्या टपावर कोंबड्या. त्यांना हाकलताना केरबाचा पाय घसरला आणि तो वरून थेट चिखलात. "लढाईत पडलो न्हाई आन् हितं कोंबडीनं पाडला," म्हणाला.

दुसरं काही विशेष नाही. कामात वेळ जातो.

गुणमाला


सांगली, १३ ऑक्टोबर १९४६

चि. गुणमालास आशीर्वाद.

"दुसरं काही विशेष नाही" हे वाक्य मी तीस वर्षं मुलींच्या तोंडून ऐकते आहे. ज्या मुलीने शाई सांडलेली असते, तीच ते म्हणते.

दसऱ्याच्या सुटीत वडूजला जाऊन आले. रहिमतपूरला गाडीतून उतरले आणि पुढे सर्व्हिस मोटर धरली. पेट्रोल नाही म्हणून अजून कोळशाच्या गॅसवर चालवतात. मागे एक भट्टी लावलेली आणि क्लिनर तिचा पंखा फिरवतो आहे, लोहाराच्या दुकानात बसल्यासारखं. चढ आला की मोटर बसते आणि माणसं उतरतात.

क्लिनर मला म्हणाला, "आज्जे, तू ऱ्हा बसून. तुझं वजन ते काय!"

मी उतरले. सगळे ढकलत असताना एकटीने वर बसून राहायचं हे मला जमत नाही. तीन ठिकाणी ढकलली. एकदा उताराला ती आम्हाला न घेताच पुढे गेली, आणि अकरा उतारू अन् एक मुख्याध्यापिका तिच्यामागे धावली. लुगडं काजळीने इतकं भरलं की वडूजला एका पोराने मला कोळसेवाली समजून भाव विचारला. तेव्हा प्रवासातल्या फजितीबद्दल मी तुला बोलणार नाही.

धोंडुबाई खणखणीत आहेत. त्यांनी डिसेंबरपासून पाच पत्रं लिहवून घेतली, पण सगळी केरबाच्या जुन्या पलटणीच्या पत्त्यावर. पलटण मोडली, पोरगा सुटला, पण पत्ता बदलायचा असतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. "सरकार हुडकंल की त्याला," म्हणाल्या. मी नवा पत्ता दहा पाकिटांवर लिहून दिला आहे. केरबाला सांग आणि गाडी कमी धुवायला लाव.

आता मुख्य गोष्ट. केरबाची पत्रं मात्र त्यांना पोचतात. त्यांनी मला ऑगस्टमधलं वाचायला दिलं. शिसपेनने लिहिलेलं. ते मी उतरवून आणलं, तुझ्या माहितीसाठी इथे देते:

"आमच्या नर्सबाईनी दिस बुडाय लागला म्हनून गाडी थांबवली आन् डबा खाल्ला. अर्धा तास मोडला. तेवढ्यात वढ्याला पानी आलं. आगुदर गेलो आसतो तर पार झालो आसतो. पेटीत बाळंतिनीचं रगत थांबवायची सुई हुती. हिकडं एक बाई आडली, डागदरनं सरकारी दवाखान्यातनं सुई मागून आनली म्हनून ती वाचली. डागदर लय बोलला. म्हनला पुन्यांदा उशीर झाला तर घरी जावा. बाई मोरीवर जाऊन तोंड धूत ऱ्हायल्या. आई, बाई लय भली हाय. म्या थांबू नगा म्हनाय पायजे हुतं."

धोंडुबाईंच्या ओट्यावर बसून मी हे वाचलं. तू मला कोंबड्या लिहिल्यास, गुणमाला.

चुकलीस याचा मला तितका राग नाही. लपवलंस याचा आहे. पण चूक काय होती, ते तुला कळलेलं दिसत नाही. तुला वाटत असेल की एकीकडे धर्म आणि एकीकडे काम, यांत ओढाताण झाली. मुळीच नाही. नियम नीट बघ. सूर्य मावळल्यावर जेवू नये, एवढाच नियम आहे. मावळायच्या आत जेवलंच पाहिजे असं कोणत्या मुनींनी सांगितलं? नियम न जेवण्याचा आहे, जेवण्याचा नाही. वेळ टळली तर उपाशी राहावं, सकाळी सूर्य वर आल्यावर पाणी घ्यावं. तुझी आजी सुगीत महिन्यातून पाच वेळा अशीच झोपायची आणि कुणाला सांगायचीही नाही. आपल्याकडे पोरींना सहाला ताटावर बसवतात, तेव्हा त्यांना ताट म्हणजेच व्रत वाटू लागतं. तू नियमासाठी गाडी थांबवली नाहीस. भुकेसाठी थांबवलीस आणि तिला नियमाचं नाव दिलंस.

कडक लिहिलं आहे. पुन्हा वाचून पाहिलं, पण एक शब्दही बदलावासा वाटला नाही.

पायगोंडांनी विचारलं, "वडूजला काय कळलं?" मी म्हटलं, म्हातारी बरी आहे. भावापासून गोष्ट लपवायची माझी ही पहिलीच वेळ. ती मी फार दिवस लपवणार नाही. तूच कळव.

आक्काताई


सांगली, १७ नोव्हेंबर १९४६

चि. गुणमालास आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र दहा सप्टेंबरचं. माझ्या लिहिण्याने रुसली असशील, तर रुसण्याचं पत्र पाठव. त्यालाही तिकीट तेवढंच लागतं.

पायगोंडा आता पेंडीचं निमित्त सांगत नाहीत. बाराला येतात, चारपर्यंत ओसरीवर बसतात, पोस्टमन गेला की उठतात. कडेगावची माणसं येऊन गेली. मार्गशीर्ष पुढच्या आठवड्यात लागतो. त्यांनी परवा मुंबईच्या बोट कंपनीचा पत्ता माझ्याकडे मागितला. मी दिला. मागितलेला पत्ता न देणं माझ्याने होत नाही.

सांगलीत थंडी पडू लागली. शाळेत वार्षिक तपासणी आहे. मी बरी आहे.

आक्काताई


किसुमू, २४ नोव्हेंबर १९४६
(विमानटपालाने)

ती. स्व. आत्याबाईंस साष्टांग नमस्कार.

हे पत्र आप्पांसमोर वाचा आणि एकही ओळ गाळू नका. केरबाने आईला लिहिलं ते अक्षरशः खरं आहे, तेही त्यांना वाचून दाखवा. मी लपवलं, कारण आप्पा परत बोलावतील याची भीती होती. नंतर लिहिलं नाही, कारण "पुन्हा करणार नाही" एवढंच लिहिण्यासारखं होतं, आणि ते तर शाई सांडणारी मुलगीही म्हणते.

तुमचं वडूजचं पत्र दहा तारखेला पोचलं. दोन दिवस मला तुमचा भयंकर राग आला होता. तिसऱ्या दिवशी, तेरा तारखेला, चार वाजता रेल्वेच्या फोनवरून निरोप आला. अठ्ठावीस मैलांवरच्या लहानशा स्टेशनावर पंजाबी स्टेशनमास्तरांची बायको अडली होती. डॉक्टरसाहेब दुसऱ्या शस्त्रक्रियेत. "तुम्ही पुढे व्हा, मी सकाळच्या गाडीने येतो," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वेळेवर पोचा." दोनच शब्द, पण ते केव्हाचे होते ते मला ठाऊक होतं.

सकाळी दहापासून मी काही खाल्लं नव्हतं. डबा गाडीत होता. बावीस मैल गेलो आणि खड्ड्यात पुढच्या स्प्रिंगची कमान मोडली. केरबा खाली वाकून बघून आला तो कपाळाला हात लावूनच.

"गाडी आता हलत न्हाई, बाई."

सूर्य किसुमूच्या सरोवरावर टेकत होता. तोच म्हणाला, "आवं, आदी चार घास खावा. मी बघतो काय तरी. मागल्यावानी आपल्याला बोलनी नगंत, पर उपाशी बी नगं."

मी डबा त्याच्या हातात दिला. "तुम्ही खा. तुम्हाला गाडीजवळ थांबायचंय."

"आन् तुमी?"

"मला जायचंय."

"आवं, पन दिस बुडतोय! तुमचं जेवान?"

"आज नाही."

"मागल्या टायमाला तर..."

"मागल्या वेळी मला नियम कळला नव्हता, केरबा. सांगलीहून पत्र आल्यावर कळला."

त्याने डबा दोन्ही हातांत धरला. "लय कडक हायती म्हना तुमच्या आत्या."

रूळ जवळच होते. रुळांची दुरुस्ती करणारे इथल्या लुओ जमातीचे लोक ट्रॉली घेऊन घरी चालले होते. केरबाने हातवारे करून, पोटावरून हात फिरवून, बाळ झुलवून दाखवलं. ते क्षणात समजले. मला आणि माझ्या पेटीला ट्रॉलीवर बसवून दोघे रुळांवरून ढकलत धावू लागले. दोन मैल राहिले तेव्हा समोरून मालगाडीची वेळ झाली म्हणून ट्रॉली उतरवावी लागली. मग त्यांच्यातल्या एकाने पेटी डोक्यावर घेतली आणि आम्ही चाललो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो मी पट्टीने बांधला.

पोचले तेव्हा आकिन्यी नावाची एक वृद्ध लुओ सुईण मास्तरांच्या बायकोच्या, प्रीतम कौरच्या, पाठीशी बसून तिला धरून होती. दुपारपासून तशीच. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण तिने हातांनी दाखवलं की मूल पायाळू आहे, आणि ते बरोबर होतं. तिने घाई केली नव्हती. ओढाताण केली असती तर मी जाऊन उपयोग नव्हता. रात्रभर आम्ही दोघींनी मिळून केलं. मास्तरांच्या आई दर तासाला चहा आणत. मी नाही म्हटलं की त्यांना वाटे मी संतापले आहे. शेवटी मी आकाशाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. त्यांनी काय अर्थ लावला कोण जाणे, त्याही माळ घेऊन माझ्याशेजारी बसल्या.

तांबडं फुटताना मुलगा झाला. आधी पाय, मग खांदे, मग बराच वेळ काही नाही, आणि मग डोकं. दोन मिनिटं रडला नाही. आकिन्यीने त्याच्या तळव्यावर फुंकर मारली, मी तोंड साफ केलं, आणि तो असा रडला की बाहेर मास्तरांनी शिट्टी फुंकली. गाडी नव्हती, काही नव्हतं. नुसतीच फुंकली.

रक्त जास्त जाऊ लागलं होतं. सुई माझ्या पेटीत होती. वेळेवर होती, आत्याबाई.

सूर्य उगवून दोन घटका झाल्यावर मी पाणी घेतलं. एकविसाव्या तासाचं पाणी. मला वाटत होतं की चक्कर येईल, पण आली नाही. डॉक्टरसाहेब नऊच्या गाडीने आले. त्यांनी बाळंतीण तपासली, मूल तपासलं, आकिन्यीचा हात हातात घेतला. मग मला म्हणाले, "गाडी मोडली तर पुढच्या स्टेशनावरून कळवत चला. एवढीच तक्रार आहे."

काल पत्र मिळालं. नोकरी कायम झाली. जिल्ह्यातली बाहेरची सगळी बाळंतपणं माझ्याकडे दिली आहेत. केरबाच्या आईची दोन पत्रं आली. तो आता गाडी एकदाच धुतो.

आप्पांनी बोलावलं तर मी येईन. शब्द दिला आहे. पण येऊ नये असं मला वाटतं, हेही त्यांना कळू द्या.

तुमची,
गुणमाला


सांगली, ७ डिसेंबर १९४६

चि. गुणमालास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. बाजारचा दिवस होता. पायगोंडा ओसरीवर होतेच. तू सांगितल्याप्रमाणे सगळं वाचलं, आधी केरबाचं, मग तुझं. ऑगस्टच्या चुकीपाशी ते उठून उभे राहिले. मी वाचत राहिले. ते परत बसले.

संपल्यावर विचारलं, "पानी बी न्हाई?"

"पाणीही नाही."

"सकाळी दोन घटका थांबली?"

"लिहिलं आहे ना."

"तिथं बघाय कोन हुतं?"

"कुणीच नाही. ती होती."

पागोटं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मास्तरांनी शिट्टी फुंकली तिथे त्यांनी डोळे पुसले, आणि भट्टीचा धूर येतोय म्हणाले. माझ्या शाळेत भट्टी नाही. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा मी पत्रच त्यांच्या हातात दिलं, तर ते घेऊन थेट बस्तीत, आपल्या जिनमंदिरात, गेले. तिथे दर्शनाला आलेल्या दहा माणसांना त्यांनी थांबवून वाचून दाखवल्याचं मला आज तिघांनी वेगवेगळं सांगितलं. त्यांतले एक गृहस्थ मुलगी बिघडवल्याबद्दल मला सुनावणारे होते. त्यांनी विचारलं, आमच्या नातीला मिरजेला नर्सिंगला घेतील का? मी म्हटलं, आधी तिला सातवी पास होऊ द्या.

कडेगावला निरोप गेला आहे. शब्द पायगोंडांचे: "पोरगी कामात हाय. पोरगं थांबत आसंल तर थांबू द्या, नसंल तर त्येचं बी भलं हू दे."

खालच्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत. माझ्या टाकाने लिहिल्या आणि टाकाचं टोक मोडलं.

*चि. गुणमालास आशीर्वाद. तू तिथंच राहा. अट घातली होती ती मी काढून घेतली. उपाशी राहू नको असं लिहिणार होतो. पण ते तुला माझ्यापरीस जास्ती कळतं. त्या म्हाताऱ्या सुईणीला आमचा नमस्कार सांग. पायगोंडा पाटील.*

माझ्याविषयी थोडक्यात. तुझं पत्र आज सातवीच्या मुलींना शुद्धलेखनाला घातलं. ट्रॉलीपासून शिट्टीपर्यंत. हेतू फक्त शुद्धलेखनाचा होता. मुली मात्र घंटा झाली तरी उठेनात, तेव्हा पुढचंही वाचावं लागलं.

एक सूचना. चप्पल पट्टीने बांधलीस, ती पट्टी बाळंतिणीसाठी होती. पेटीत सुतळी ठेवत जा.

पाकिटावर "गुणमाला नर्स, आफ्रिका" एवढंच लिही, असा पायगोंडांचा हट्ट होता. "तिला तिथं कोन वळखत न्हाई?" मी म्हटलं, टपाल अभिमानावर चालत नाही, आणि पोस्टाच्या पेटीच्या नंबरासकट पूर्ण पत्ता इंग्रजीत लिहिला. मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्यांनी सगळ्याच्या वर, तुझ्या नावाच्या आधी, ठसठशीत देवनागरीत "नर्सबाई" लिहून ठेवलं आहे. तिथल्या पोस्टात ते कुणाला वाचता येणार नाही. मी खोडलं नाही.

आक्काताई आवटी